पाच तारा, एक कॉर्नेट: गॅरेजमधल्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, डरहम, नॉर्थ कॅरोलायना

पहिली बैठक आमच्या गॅरेजमध्ये. माणसं पाच: कॉर्नेट (ट्रम्पेटचा आखूड भाऊ), क्लॅरिनेट, गिटार, डबल बास आणि पाच तारांच्या बँजोवर मी. ड्रम्स नाहीत, शेजाऱ्यांना तसा शब्द दिलाय. मेच्या मध्याला इथल्या एका शेतकरी बाजारात पाऊण तास वाजवायचं कबूल करून बसलोय. १९२० च्या दशकातला जॅझ आणि त्यात ब्लूग्रासचा, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जलद तंतुवाद्य-संगीतातला, बँजो. तालमीच्या नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठीत लिहिणार म्हटल्यावर कुणी हरकत घेतली नाही. वाचणार कोण?

जॅझला बँजो नवा नाही. १२ नोव्हेंबर १९२५ ला शिकागोत कॉर्नेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा पाच वाद्यांतलं एक जॉनी सेंट सीर यांचा बँजो होता. ड्रम्स नाहीत, बास नाही. ताल धरायला लिल हार्डिन यांचा पियानो आणि हा बँजो. फक्त तो माझ्या जातीचा नव्हे. सेंट सीर सहा तारांचा गिटार-बँजो वाजवायचे, त्या काळातले बाकीचे बरेचसे चार तारांचा. एका चपट्या पिकनं (नखीनं) चारही मात्रांवर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, ठोकायची, झालं. माझ्या बँजोला पाच तारा, उजव्या हाताच्या तीन बोटांना तीन पिका, आणि सुरांची धार कुठे तुटता कामा नये. ही धार म्हणजेच रोल.

आईला फोनवर सांगितलं. "बेंजो? मिरवणुकीत टेम्पोवर असतो तो?" नाही गं आई. तो बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. जपानात नागोयाला गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ताइशोगोतो काढलं, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं. ते इकडे येऊन बुलबुल तरंग झालं, मुंबईत त्याला वीज आणि भोंगे लागले आणि नाव पडलं बेंजो. नावापलीकडे नातं नाही. हे सांगून होईपर्यंत तिच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.

१९ जानेवारी

आजचा सगळा वेळ पट्टीच्या भांडणात गेला.

माझा बँजो मोकळ्या तारांवर जी कॉर्ड देतो, म्हणजे आपली पांढरी पाच. ब्लूग्रासची मंडळी जी, ए, बी, डी यांत रमतात. फुंकून वाजवायच्या वाद्यांना मात्र बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ हवं: काळी पाच, काळी दोन, पांढरी चार. क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं, त्यामुळे मी 'ए' म्हटलं की त्याला 'बी'मध्ये वाजवावं लागतं, पाच शार्प्स सांभाळत. क्लॅरिनेटवाले गृहस्थ शाळेतल्या बँडचे निवृत्त मास्तर आहेत, मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणते. काका एवढंच म्हणाले, की हे सगळं त्यांनी मुलांकडून तीस वर्षं करून घेतलंय, आता स्वतः करायची इच्छा नाही.

वाकायचं मीच. तिसऱ्या फ्रेटवर (पडद्यावर) कॅपो, म्हणजे तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावला की जीचा बी-फ्लॅट होतो. पाचवी तार तेवढी वेगळी, कारण ती आखूड आहे आणि तिची खुंटी मानेच्या मध्यावर, पाचव्या फ्रेटपाशी. कॅपो तिथवर पोचत नाही. त्यासाठी बँजोवाले खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचे इवलेसे खिळे मानेत ठोकून घेतात आणि तार त्या खिळ्याखाली अडकवतात. माझ्याकडे सातव्या, आठव्या आणि दहाव्या फ्रेटला खिळे आहेत. बी-फ्लॅटसाठी आठवा. सी-च्या आकारात (बोटं सी कॉर्डसारखी ठेवून) वाजवलं तर याच कॅपोवर, याच खिळ्यावर ई-फ्लॅटही निघतो. एफसाठी डी-चा आकार आणि दहावा खिळा.

बासवाली म्हणाली, तिला कुठलीही पट्टी चालेल. बासवाले नेहमीच असं म्हणतात आणि ते खरंही असतं.

२६ जानेवारी

रस्त्यावर बर्फ. तालीम नाही.

२ फेब्रुवारी

वाईट तालीम. रेकॉर्ड केलेलं ऐकलं, ते तर आणखी वाईट.

न्यू ऑर्लीन्सच्या पद्धतीत तीन वाद्यं एकाच वेळी सुटतात आणि तरी गर्दी होत नाही. कॉर्नेट चाल सांगतं. क्लॅरिनेट तिच्यावरून वेल चढवतं. ट्रॉम्बोन खालून घसरत घसरत कॉर्डच्या मुळांना आधार देतो. प्रत्येकाची उंची वेगळी आणि गतीही वेगळी: कॉर्नेटचे सूर लांब, क्लॅरिनेटचे बारीक, ट्रॉम्बोनचे सगळ्यांत कमी. आमच्याकडे ट्रॉम्बोन नाही. बँजो आहे, आणि तो क्लॅरिनेटच्याच उंचीवर, त्याच बारीक गतीत अखंड बोलतोय. काका आणि मी दोघंही एकाच दारातून एकाच वेळी आत शिरत होतो.

मी रोल सोडून सेंट सीर यांच्यासारखं चार मात्रांवर ठोकून पाहिलं. ते काम गिटारवाला माझ्यापेक्षा बरं करतो. मग मी कशाला आले इथे?

९ फेब्रुवारी

दुसरं दुखणं लयीचं. ब्लूग्रासमध्ये रोलचे आठही सूर जवळपास सारख्या अंतरावर पडतात आणि हात ठेक्याच्या किंचित पुढे असतो. जॅझवाल्यांची जोडी लंगडते, पहिला सूर लांब, दुसरा आखूड, आणि तेही आरामात. आज मेट्रोनोम लावून तपासलं. मिनिटाला १६० ठोक्यांवर माझं आणि कॉर्नेटचं सरळसरळ भांडण होतं. २४० वर भांडण आपोआप मिटतं, कारण त्या वेगात लंगडायला कुणाला सवडच नसते.

लहानपणी तबल्याच्या क्लासला केरवा लिहून दिला होता: धा गे ना ति न क धि ना, आठ समान मात्रा. कागदावर समान. हातात येतो तेव्हा झोल घेऊनच येतो, आणि ज्याच्या हातात तो झोल नाही त्याला गुरुजी "टाइपरायटर" म्हणायचे. मी आज टाइपरायटर होते.

ठरलं ते असं: जलद गाण्यांत माझा हात आहे तसा. मध्यम लयीत मी रोलमधला दर दुसरा सूर मागे सरकवायचा. बोलायला सोपं आहे. चौदा वर्षांची सवय बोटांत बसली आहे.

२३ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा सगळे हसले.

फॉरवर्ड रोल म्हणजे अंगठा-तर्जनी-मधलं बोट, अंगठा-तर्जनी-मधलं बोट, अंगठा-तर्जनी. तीन, तीन, दोन. अंगठा वजनदार पडतो, त्यामुळे आठ सुरांच्या आत तीन-तीन-दोनचा एक वेगळा ठेका आपोआप ऐकू येतो. गंमत म्हणजे हा ठेका न्यू ऑर्लीन्सला चांगलाच माहीत आहे. क्यूबाशी, कॅरिबियनशी त्या बंदराचं येणंजाणं होतं, हबानेरा या क्यूबन नाचाची लय तिकडूनच आली. न्यू ऑर्लीन्सचे पियानोवादक जेली रोल मॉर्टन यांनी १९३८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्सपुढे पियानोवर बसून सांगितलं, की तुमच्या चालीत स्पॅनिश छटा नसेल तर जॅझचा मसाला नीट जमणार नाही. हबानेरातून दुसऱ्या मात्रेवरचा ठोका काढून घ्या, उरतं तीन-तीन-दोन. माझ्या अंगठ्याचं हेच काम.

डब्ल्यू. सी. हँडी यांच्या 'सेंट लुइस ब्लूज'मध्ये (१९१४) मधला मायनर भाग हबानेराच्या लयीवर आहे. तिथे मी नुसता फॉरवर्ड रोल धरला. काही बदललं नाही, काही मागे सरकवलं नाही. बासवालीनं माझा अंगठा उचलला, तीच तीन टोकं धरली. गिटारवाला थांबला आणि ऐकत बसला. कॉर्नेट त्यावर लांब सूर ओढत गेलं. दोन आवर्तनं संपली तरी कुणाला थांबायचं नव्हतं.

बाकीचं गाणं अजून बिघडलेलंच आहे. असू दे.

९ मार्च

तालमीला सुट्टी देऊन नवऱ्याला आणि मुलीला घेऊन शेल्बीला गेले. इथून तीनेक तास. तिथल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत अर्ल स्क्रग्ज सेंटर आहे. स्क्रग्ज जवळच्याच फ्लिंट हिलचे, जन्म १९२४ चा. डिसेंबर १९४५ मध्ये ते बिल मन्रो यांच्या बँडमध्ये आले आणि आज आपण ज्याला ब्लूग्रासचा बँजो म्हणतो तो तिथून सुरू झाला. मुलीनं विचारलं, याच्याआधी लोक कसे वाजवायचे? चांगला प्रश्न. परतीच्या वाटेवर शार्लट येईपर्यंत मी त्याचंच उत्तर देत होते, ती केव्हाच झोपली होती.

तीन बोटांचा हात स्क्रग्ज यांच्या आधीही याच भागात होता, स्नफी जेंकिन्स होते. त्यांच्याही आधी, जॅझ हे नाव रुळायच्या आधी, व्हेस ऑसमन आणि फ्रेड व्हॅन एप्स पाच तारांच्या बँजोवर बोटांनी रॅगटाइम (जॅझच्या आधीचं तुटक लयीचं संगीत) वाजवून रेकॉर्ड करत होते. आणि मग चार्ली पूल, नॉर्थ कॅरोलायनाचाच कापडगिरणीतला माणूस. बेसबॉल झेलताना बोटं मोडून घेतली होती, तरी तीन बोटांनी वाजवायचा. त्याचं 'डोन्ट लेट युअर डील गो डाउन' १९२५ मध्ये रेकॉर्ड झालं. हॉट फाइव्हचंही तेच वर्ष! आणि त्या गाण्याच्या कॉर्ड्स बघा. घरापासून सुरुवातच नाही. जीमध्ये असेल तर ई, ए, डी आणि शेवटी जी. दूरच्या गल्लीतून वळणं घेत घरी पोचायचं. ही रॅगटाइमची वाट, शिकागोत आर्मस्ट्राँगच्या पायाखालचीही.

म्हणजे आम्ही दोन परकी घराणी जोडत नाही आहोत. एका वाड्याच्या दोन वाटण्या झाल्या आणि मधे भिंत आली, एवढंच. यादीत हे गाणं घातलं. पट्टी काळी पाच, म्हणजे कॉर्ड्स जी-सेव्हन, सी-सेव्हन, एफ-सेव्हन, बी-फ्लॅट.

१६ मार्च

पूलचं गाणं वाजवलं आणि पाचव्या तारेनं घोळ घातला.

ही आखूड तार म्हणजे सतारीची चिकारीच समजा. चाल कुठेही जावो, अंगठा मधूनमधून तिला छेडत राहतो आणि ती वरचा षड्ज देत राहते. ब्लूग्रासमध्ये कॉर्ड्स तीन-चारच, त्यामुळे षड्ज सहसा खपून जातो. इथे कॉर्ड दर दोन मापांनी बदलते आणि चिकारी आपली बी-फ्लॅटवर ठाम. कागद घेऊन बसले:

बी-फ्लॅटवर अर्थातच घरचा सूर. सी-सेव्हनमध्ये बी-फ्लॅट हा सातवा सूर, छान बसतो. एफ-सेव्हनमध्ये चौथा, तिथल्या ए-ला घासतो आणि कॉर्ड लटकल्यासारखी वाटते. जी-सेव्हनमध्ये तर कोमल गांधार, आणि शेजारी गिटार शुद्ध गांधार वाजवतोय.

मला जी-सेव्हनचीच भीती होती. कॉर्नेटवाल्याला नेमकी तीच जागा आवडली. म्हणे, ब्लूज दुसरं काय असतं? दोन्ही गांधार एकदम. त्याला त्रास झाला तो एफ-सेव्हनचा. तिथे मी अंगठा पाचव्या तारेवरून काढून तिसऱ्यावर आणायचा असं ठरलं. दहापैकी सहा वेळा जमलं.

३० मार्च

आवाजाबद्दल. सुरुवातीच्या बँड्सनी बँजो पोसला, कारण कॉर्नेटशेजारी गिटार ऐकूच येत नसे, ना हॉलमध्ये, ना रेकॉर्डिंगच्या कर्ण्यात. १९२५ पासून मायक्रोफोननं रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि पुढच्या सहा-सात वर्षांत गिटारनं बँजोला बाहेर काढलं. माझा बँजो त्या बेरोजगारीचा सूड घेतल्यासारखा वाजतो. गॅरेजच्या पत्र्याच्या दारावर त्याचा आवाज आपटून परत येतो.

मागची लाकडी तबकडी, रेझोनेटर, काढून टाकली. पुडी (चामड्याची नव्हे, मायलरची) आणि आतल्या दांड्याच्या मधे मुलीचा एक लोकरी मोजा कोंबला. आवाजाची शेपटी कापली गेली, सूर ठक्क करून पडतो आणि संपतो. लगेच फरक पडला. शेपटी नसली की दोन सुरांच्या मधे फट राहते आणि त्या फटीतून काकांचं क्लॅरिनेट ऐकू येतं. घोडी बदलायचाही विचार होता, पण मोज्यानं शंभर डॉलर वाचवले. मुलगी दुसरा मोजा घेऊन विचारत फिरतेय.

६ एप्रिल

आजची तालीम पूर्ण लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

काका म्हणाले, आपण जागा बदलू. मी त्यांची ओळ वाजवायची, त्यांनी रोल. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बिल कीथ यांनी रोलच्या साच्यातून बाहेर पडून सलग सप्तक वाजवायची रीत आणली: एक सूर एका तारेवर, पुढचा दुसऱ्या. त्या हातानं क्लॅरिनेटचे उतरते डिमिनिश्ड तुकडे वाजवता येतात. घासत, पण येतात. काकांचा रोल मात्र हास्यास्पद झाला. श्वास घ्यायला जागाच नाही, सोळाव्या मापाला ते लालबुंद. थांबून म्हणाले, "तू श्वास कधी घेतेस?"

मी घेतच नाही. तार छेडायला श्वास लागत नाही, म्हणून बँजोवाल्यांची वाक्यं संपत नाहीत. बँजोवादक बेला फ्लेक आणि बासवादक एडगर मेयर यांचं झाकीरभाईंबरोबरचं काम गेल्या डिसेंबरात झाकीरभाई गेल्यापासून मी पुन्हा ऐकतेय, राकेश चौरसियांची बासरी असलेलं नंतरचंही. तिथे बँजो तबल्याला वाक्य पुरं करून देतो आणि गप्प बसतो. इतकी वर्षं मी त्यातले सूरच ऐकत होते.

मग काकांनीच मार्ग काढला. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकात, शालुमोमध्ये, जाड लाकडी आवाज आहे. ट्रॉम्बोन नाही, तर ते ट्रॉम्बोनच्या जागी खाली उतरतील, मी वर वेल चढवेन, तीही काकांच्या श्वासाएवढ्या तुकड्यांत. दुसऱ्या आवर्तनात उलट: ते वर, आणि मी जवळजवळ बंद. करून पाहिलं. तीन मजले, तीन माणसं.

पेन्सिलीनं माझ्या कागदावर स्वल्पविराम मारलेत. बँजोच्या टॅबवर (कुठली तार, कितवा फ्रेट हे आकड्यांत लिहिलेल्या कागदावर) स्वल्पविराम मी तरी आधी पाहिले नव्हते.

१३ एप्रिल

गिटारवाला बाहेरगावी. बास, कॉर्नेट आणि मी. एफ-मध्ये एक ब्लूज, संथ. दहावा खिळा सैल झालाय, चिमट्यानं दाबला.

२७ एप्रिल

रविवार, तालीम नाही. गावात तीन दिवस बँजो वाजवणाऱ्या गायिका रियानन गिडन्स यांचा 'बिस्किट्स अँड बँजोज' महोत्सव होता आणि त्यांचा जुना बँड, कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स, पुन्हा एकत्र आला. २००५ मध्ये बूनला कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला होता, तिथून ही मंडळी जुळली. मग इथून अर्ध्या तासावरच्या मेबनच्या जो थॉम्पसन या वृद्ध फिडलवादकाकडे शिकायला जात राहिली. गुरूच्या ओसरीवर बसून शिकणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

कॉर्नेटवाला बरोबर होता. त्याचं घराणं चार पिढ्या डरहमचं, कृष्णवर्णीय. चहा घेताना म्हणाला, आजोबांच्या घरात ट्रम्पेट चालायचा, पियानो चालायचा, बँजो दारात उभा करत नसत. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्याला कातडं लावून जे वाद्य इथे पुन्हा उभं केलं, तेच १८४० च्या सुमारास गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून त्यांची टिंगल करायला स्टेजवर आणलं. आजोबांना बँजो म्हणजे ती टिंगल आठवायची. "मग तू माझ्या गॅरेजमध्ये का आलास?" विचारलं. म्हणाला, क्लॅरिनेटवाल्यानं बोलावलं, बँजो आहे हे सांगितलंच नव्हतं.

आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो. मी पूर्ण मोकळेपणानं नाही.

११ मे

रंगीत तालीम. अकरा गाणी, एक्केचाळीस मिनिटं. पूलचं गाणं शेवटून दुसरं. एफ-सेव्हनवर अंगठा आता दहापैकी नऊ वेळा बरोबर. मोजा आतच.

१७ मे

सकाळी नऊला बाजारात. एका बाजूला स्ट्रॉबेऱ्या, दुसऱ्या बाजूला शेळीच्या दुधाचं चीज. वारा इतका, की कागदांना कपड्यांचे चिमटे लावले. पहिली तीन गाणी कुणी थांबून ऐकली नाहीत. हबानेरा आला तेव्हा दोन लहान मुलं नाचायला लागली, मग त्यांचे आईबाप अडकले.

पूलच्या गाण्याच्या दुसऱ्या आवर्तनात 'टक्' झालं. पाचवी तार आठव्या फ्रेटच्या खिळ्याखालून सुटली आणि मोकळी झाली, म्हणजे बी-फ्लॅटवरून सरळ खाली जी-वर आली. हात थांबवायला जागा नव्हती. काका शालुमोत, कॉर्नेट सुटलेलं, वेल माझ्याकडे. दात-ओठ खाऊन पुढे वाजवत राहिले आणि बेसूर ऐकू यायची वाट बघितली.

आलंच नाही. काकांनी एकदा भुवई उचलून माझ्याकडे पाहिलं, तेवढंच.

१८ मे

रात्री रेकॉर्डिंग ऐकलं, सकाळी कागद घेतला. चिकारी जी-वर ठेवली तर: जी-सेव्हनमध्ये ती मूळ सूर. सी-सेव्हनमध्ये पंचम. एफ-सेव्हनमध्ये नववा. बी-फ्लॅटवर सहावा, आणि विसाच्या दशकातली गाणी सहाव्या सुरावर संपवायची हौस तर त्या मंडळींना होतीच. चारही कॉर्ड्समध्ये बसते, एकदाही अंगठा उचलायला नको. षड्ज सोडला फक्त.

दोन महिने मी एफ-सेव्हनवर अंगठा हलवण्याचा रियाझ करत होते.

काकांना फोन केला. ते म्हणाले, सहावा त्यांना कालच ऐकू आला होता; मुद्दाम केलंय असं समजून त्यांनी कौतुकानं भुवई उचलली होती. आता खरं सांगून टाकल्याचं वाईट वाटतंय.

पुढच्या तालमीसाठी: बी-फ्लॅटची सगळी गाणी पाचवी तार मोकळी ठेवून पुन्हा तपासायची. दहावा खिळा नवा बसवायचा. आठवा काढायचा नाही, ई-फ्लॅटला लागतो.